गुहेतले झुरळ, घरातले झुरळ

मुंगीला उद्योगाचे, मधमाशीला काटकसरीचे आणि कोळ्याला चिकाटीचे प्रशस्तिपत्र शाळेच्या पुस्तकातून केव्हाच मिळाले. झुरळाच्या वाट्याला मात्र चप्पल आली. ह्या प्राण्याची बाजू मांडावी असा आमचा मुळीच हेतू नाही. आमच्या खांदा कॉलनीत राहणाऱ्या कोणत्याही गृहिणीपुढे तसा प्रयत्न करण्याचे धाडसही आमच्याजवळ नाही. परंतु ज्याला आपण सरसकट 'झुरळ' म्हणतो त्याच्या आजवर साडेचार हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे आणि त्यांपैकी माणसाच्या घराची वाट धरणाऱ्या जाती जेमतेम तीस आहेत, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. उरलेल्या हजारो जाती रानात, पालापाचोळ्यात, कुजक्या लाकडात आपापला संसार करतात. त्यांतल्या काही जातींनी पृथ्वीच्या पोटात, जिथे सूर्याचा एक किरणही पोहोचत नाही अशा गुहांत बिऱ्हाड केले आहे. ह्या गुहावासीयांचा इतिहास आणि आपल्या मोरीतल्या पाहुण्याचा इतिहास शेजारी ठेवून पाहिला, तर काही विलक्षण गोष्टी ध्यानात येतात.

गुहा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लेणी उभी राहतात. खाडीपलीकडे घारापुरी आहे, बोरिवलीच्या डोंगरात कान्हेरी आहे. तिथून जवळच मंडपेश्वर आहे. तिथल्या लेण्याला सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी चर्चचे रूप दिले, हे आपल्यापैकी अनेकांनी वाडवडिलांकडून ऐकलेले असते. पण जीवशास्त्राच्या दृष्टीने लेणे ही खरी गुहा नव्हे. ते माणसाने कोरलेले दालन. त्याचे तोंड रुंद, खोली बेताची; दिवसा कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातून उजेड आत झिरपतोच. सह्याद्रीचा काळा दगड हा थिजलेल्या लाव्ह्याचा. पाण्यात विरघळून मैलोगणती भुयारे पडावीत अशी त्याची जात नाही. तसली भुयारे चुनखडीच्या दगडात पडतात. म्हणून पूर्ण काळोखाच्या गुहा पाहायच्या तर आपल्याला मेघालयाकडे किंवा बस्तरकडे वळावे लागते.

अशा गुहेचे तीन भाग कल्पिता येतात. तोंडाजवळचा उजेडाचा, त्यापुढचा संधिप्रकाशाचा आणि सर्वांत आत नित्य काळोखाचा. आतल्या भागात दिवस-रात्र नाही, ऋतूंचा फरक अगदी थोडा, हवा दमट आणि स्थिर. हिरवे पान तिथे उगवूच शकत नाही. खायला जे काही मिळेल ते बाहेरूनच यायला हवे: पुराच्या पाण्याबरोबर वाहत आलेला पाचोळा, छतातून उतरलेली झाडांची मुळे, किंवा वटवाघळांची विष्ठा.

ह्या काळोखातही प्राणी राहतात, हे शास्त्राच्या ध्यानात फार उशिरा आले. १८३१ साली आजच्या स्लोव्हेनियातील पोस्टॉयनाच्या गुहेत दिवे लावण्याचे काम करणाऱ्या लुका चेच नावाच्या माणसाला एक आंधळा, लांब पायांचा भुंगेरा दिसला, आणि गुहांतील जीवांच्या अभ्यासाला तिथून सुरुवात झाली असे मानतात. एका दिवेवाल्याच्या नजरेने एका शास्त्राचा पाया घातला, हे आम्हाला मोठे मनोज्ञ वाटते.

झुरळांची पाळी यायला आणखी साठ वर्षे लागली. १८९० च्या मार्च-एप्रिलमध्ये यूजीन सिमों हा फ्रेंच अभ्यासक फिलिपाइन्समधील लुझॉन बेटावरच्या गुहा धुंडाळीत होता. सिमोंचा खरा विषय कोळी. पण हाती लागलेले इतर कीटकही त्याने जपून आणले. त्यांतली झुरळे माद्रिदच्या इग्नासिओ बोलिव्हारकडे गेली आणि १८९२ साली बोलिव्हारने त्यांच्यासाठी 'नॉक्टिकोला' हे नवे कुळनाम योजले. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ रात्रवासी. एका जातीला त्याने सिमोंचे नाव दिले, दुसरीला 'अंध' म्हटले. पुढे हाच बोलिव्हार स्पेनच्या यादवी युद्धानंतर परागंदा झाला आणि १९४४ साली, नव्वदी उलटल्यावर, मेक्सिकोत वारला. आयुष्यभर टोळ-नाकतोड्यांची आणि झुरळांची नावे ठेवणाऱ्या ह्या वृद्धाला स्वतःचा देश मात्र अखेरीस परका झाला.

आपल्या देशात ह्या अभ्यासाचा मानाचा टप्पा म्हणजे गारो टेकड्यांतील सिजूची गुहा. १९२२ साली भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे स्टॅन्ली केम्प आणि बी. चोप्रा यांनी ह्या गुहेत मुक्काम ठोकून तिथल्या प्राण्यांची पद्धतशीर मोजदाद केली. त्यांची यादी शंभराच्या वर गेली. १९२४ साली कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. त्याच नियतकालिकात ल्युसियां शोपार या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने आसाम आणि ब्रह्मदेशातील गुहावासी कीटकांवर लेख लिहिला. शंभर वर्षांपूर्वी कंदिलाच्या उजेडात, पाण्यातून चिखलातून चालत केलेले हे काम आजही आधार म्हणून वापरले जाते.

आता ह्या रात्रवासी झुरळाचे शरीर पाहू. आपल्या परिचयाचे झुरळ तांबूस-तपकिरी, चकचकीत, चपटे. त्याला दोन मोठे संयुक्त डोळे आणि पाठीवर पंख. खऱ्या गुहावासी झुरळाचा रंग उतरलेला असतो. काही तर इतकी फिकट की अंग पारदर्शक भासावे. डोळे खुरटलेले किंवा साफ नाहीसे. मादीला पंख नसतात, नराला असले तरी बहुधा उडण्याच्या कामाचे नसतात. ह्याउलट मिशा आणि पाय मात्र लांब, सडपातळ, नाजूक. जे डोळ्यांनी करायचे ते मिशांनी करायचे. प्रत्येक पाऊल चाचपून टाकायचे. ओल्या हवेत राहून अंगावरचे कवचही पातळ झालेले, त्यामुळे बाहेरच्या कोरड्या वाऱ्यात असा जीव सुकून मरतो. गुहा हेच त्याचे घर आणि गुहा हाच त्याचा तुरुंग. मादी अंडीही मोजकीच घालते. ज्या घरात धान्य तोलून मापून येते त्या घरात पंगत मोठी वाढता येत नाही.

एक गोष्ट तर आणखी नवलाची आहे. बहुतेक सर्व झुरळांच्या शरीरातील चरबीत एक विशिष्ट जीवाणू पिढ्यान्‌पिढ्या नांदतो. वाया जाणाऱ्या नत्रापासून तो झुरळाला उपयोगी द्रव्ये बनवून देतो. झुरळ कशावरही तग धरते त्याचे एक रहस्य हे आहे. नॉक्टिकोलाच्या ज्या जाती तपासल्या गेल्या त्यांत हा साथीदारच नाही, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

डोळे गेले ते काळोखामुळे, असे आपण सहज म्हणून जातो. डार्विनसुद्धा १८५९ साली गुहावासी प्राण्यांच्या आंधळेपणाचे कारण 'न वापरणे' हेच देतो. पण नुसता काळोख पुरेसा नाही. काळोखात डोळ्यांचा उपयोग नसतो, म्हणून एखादे पिल्लू अधू डोळ्यांनी जन्मले तरी त्याचे काही बिघडत नाही, आणि अधूपणा पिढ्यांतून साचत जातो. हा झाला हिशेबाचा एक भाग. दुसरा भाग खर्चाचा. डोळा, पंख, रंग हे सारे शरीराला पोसावे लागते. जिथे अन्नाची ददात, तिथे जो जीव हा खर्च टाळील तो टिकेल. म्हणजे शिल्पकार दोघे आहेत: काळोख आणि उपासमार. आमच्या समजुतीप्रमाणे ह्या दोघांतला दुसरा अधिक कठोर आहे, आणि त्याचा पुरावा झुरळांनीच दिलेला आहे.

क्वालालंपूरजवळच्या बाटू गुहा आता मुरुगनच्या देवळामुळे प्रसिद्ध आहेत. तिथल्या काळोख्या दालनांत वटवाघळांच्या विष्ठेचे थर साचतात आणि त्या थरांत पिक्नोसेलस नावाची झुरळे बुजबुजलेली असतात. बोर्निओतील गोमांटाँगच्या गुहेतही तेच दृश्य. तिथे जमीनच हलते आहे असा भास व्हावा. काळोख इथेही तितकाच दाट. पण ह्या झुरळांचे डोळे शाबूत आहेत, रंग गडद आहे, नरांना पंख आहेत. छतावरून दररोज शिधा पडत असल्यावर काटकसर करण्याची वेळच त्यांच्यावर आलेली नाही. त्याच काळोखात, पण जिथे वटवाघळे नाहीत आणि चार मुळ्यांवर नि चिमूटभर पाचोळ्यावर गुजराण करायची आहे अशा कोपऱ्यात, फिकट, आंधळे नॉक्टिकोला सापडते.

ह्या बदलाच्या मधल्या पायऱ्याही आढळल्या आहेत. पूर्व आफ्रिकेतील गुहांतल्या एका झुरळाच्या बाबतीत शोपारला असे दिसले की, एकाच जातीच्या निरनिराळ्या झुरळांचे डोळे लहानमोठे आहेत. काहींचे बरेच शाबूत, काहींचे नाममात्र. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या गुहांत राहणाऱ्या एका जातीचे डोळे आणि पंख गुहेगणिक निराळे आहेत. जणू एकाच कुळातील भावंडे वेगवेगळ्या गावी स्थायिक झाली आणि ज्या त्या गावाने त्यांना आपापल्या परीने घडवले.

आपल्या मातीतला असाच एक दाखला आहे, झुरळाचा नसला तरी. १८७२ साली फ्रान्सिस डे याने पुण्यात सापडलेल्या एका लहानशा माशाचे वर्णन केले आणि तो मिळवून देणाऱ्या कर्नल एवेझार्डचे नाव त्याला दिले. पुण्याचा हा मासा डोळस आणि ठिपकेदार. बस्तरमधल्या कांगेर खोऱ्यात कोटुमसरची गुहा आहे. प्राध्यापक शंकर तिवारी यांनी १९५१ साली ती जगापुढे आणली. तिच्या काळोखातल्या डबक्यांत ह्याच माशाचा एक गट अभ्यासकांना आढळला. त्या गटातील माशांचा रंग उडालेला आणि डोळे खुरटलेले. तेथील लांब मिशांच्या गुहावासी रातकिड्याला पुढे तिवारींचेच नाव मिळाले. पुण्याच्या ओढ्यातला आणि बस्तरच्या भुयारातला, असे दोन चुलतभाऊ शेजारी ठेवले की सिद्धान्त समजावून सांगण्याची गरजच उरत नाही.

वटवाघळाचा उल्लेख आला म्हणून आपल्या सीमाभागातल्या एका गुहेची हकिकत सांगणे भाग आहे. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, गोव्याच्या हद्दीलगतच्या रानात, बारापेडेची गुहा आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने सस्तन प्राण्यांची पाहणी केली, तीत ह्या गुहेतून एक अगदी नवे वटवाघूळ हाती लागले. १९१३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. मुंबई इलाख्यातील वनाधिकारी रॉटन यांच्या नावाने ते ओळखले जाते. ह्यानंतर शतक संपेपर्यंत साऱ्या जगात ह्या वटवाघळाचा ज्ञात असा एकच पत्ता होता: बारापेडे. पुढे कंबोडिया आणि मेघालय येथे ते सापडले. बारापेडे ज्या रानात आहे त्या भीमगडाला २०११ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. एवढ्याशा एका गुहेसाठी इतका खटाटोप कशाला, असे एखाद्याला वाटेल. पण वटवाघळे उठून गेली की गुहेचा शिधाच बंद होतो. मशाली, धूर, शिकार किंवा दगडाची खाण, कारण कोणतेही असो, छत रिकामे झाले की खालची सारी वस्ती उपाशी मरते. आणि ज्यांचे डोळे, पंख आणि कवच आधीच गेले आहे त्यांना दुसरीकडे जाताही येत नाही.

ही वस्ती किती जुनी आहे? म्यानमारच्या हुकाँग खोऱ्यात झाडांचा डिंक थिजून झालेला तृणमणी सापडतो. त्यातले जीव सुमारे नऊ कोटी नव्वद लाख वर्षांपूर्वीचे. २०२० साली त्यांत दोन झुरळांचे वर्णन झाले: फिकट अंग, खुरटलेले डोळे व पंख, लांब पाय आणि लांब मिशा. नॉक्टिकोलाच्याच घराण्यातली, गुहेत राहण्याची सारी लक्षणे अंगावर मिरवणारी. तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉर वावरत होते. वटवाघळांचे सर्वांत जुने ज्ञात सांगाडे सव्वापाच कोटी वर्षांच्या अलीकडचे आहेत. म्हणजे गुहेत झुरळ आधी आले, आणि वटवाघूळ पुष्कळ नंतर.

आता घराकडे वळू. माणसानेही गुहेत राहून पाहिले आणि मग स्वतःच्या गुहा बांधल्या: घर, कोठार, जहाज. ह्या गुहांनाही रहिवासी मिळाले. १५८७ साली सर फ्रान्सिस ड्रेकने अझोर्स बेटांजवळ पूर्वेकडचे मसाले घेऊन परतणारे सान फेलिपे हे पोर्तुगीज जहाज पकडले. त्यात पंखवाल्या झुरळांचा सुळसुळाट होता आणि ती इंग्लंडातल्या झुरळांपेक्षा जरा मोठी व काळसर होती, असे थॉमस मॉफेट या इंग्रज वैद्याने नोंदवून ठेवले आहे. वसईच्या किल्ल्यावर तेव्हा पोर्तुगीज निशाण फडकत होते. आपल्या किनाऱ्यावरून मिरी आणि दालचिनी गेली त्याच तळघरांतून हे प्रवासीही भाडे न देता गेले असणार.

त्यांची नावे मात्र भलतीच पडली. १७५८ साली लिनियसने एका झुरळाला 'अमेरिकन' म्हटले. ते मुळात आफ्रिकेचे, गुलामांच्या जहाजांतून अमेरिकेला गेलेले, असे अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ रेन याने १९४५ साली मांडले. १७६७ साली लिनियसनेच दुसऱ्या, लहान झुरळाला 'जर्मन' म्हटले. ह्या तथाकथित जर्मनाची जन्मकथा २०२४ साली उलगडली. सतरा देशांतून गोळा केलेल्या २८१ झुरळांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना करून संशोधकांनी दाखवून दिले की, सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारतात किंवा म्यानमारमध्ये, रानात राहणाऱ्या आशियाई झुरळापासून ते निपजले. सुमारे १२०० वर्षांपूर्वी ते व्यापार आणि फौजांबरोबर पश्चिमेकडे अरबांच्या मुलखात गेले. सुमारे ३९० वर्षांपूर्वी युरोपीय व्यापारी कंपन्यांच्या काळात पूर्वेच्या बेटांत पसरले. युरोपात पोहोचले ते अवघ्या पावणेतीनशे वर्षांपूर्वी. आज हे झुरळ रानात कुठेच आढळत नाही. त्याचे सारे जग म्हणजे माणसाची घरे. नॉक्टिकोला जसे गुहेशी जखडलेले, तसे हे आपल्या स्वयंपाकघराशी.

मग घरच्या झुरळांचे डोळे का गेले नाहीत? आपल्या भिंतींच्या फटी, सिंकखालची कपाटे, गटाराचे नळ, हीही काळोखाचीच जागा. उत्तर बाटूच्या गुहेने आधीच दिले आहे. छतावरून शिधा पडत राहिला की कुणालाही काटकसर करावी लागत नाही. इथे छतावर आपण आहोत. भाताची शिते, तेलकट पाणी, भाजीची देठे, पोळीचा चुरा हे सारे आपल्या हातून रोज खाली जाते. झुरळाच्या हिशेबी खांदा कॉलनीतील प्रत्येक कुटुंब म्हणजे उलटे न टांगलेल्या वटवाघळांचा थवा आहे. ही उपमा वाचकांना रुचणार नाही, पण आम्हाला दुसरी सुचत नाही.

नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० साली सिडकोची स्थापना झाली. पुढे नवीन पनवेल उभे राहिले आणि खांदा गावाचे नाव घेऊन आमची कॉलनीही. इमारती डोळ्यांना दिसतात. त्यांच्याखाली तितक्याच लांबीचे दुसरे गाव नळांचे आणि चेंबरांचे आहे, त्याची आठवण तुंबल्यावाचून होत नाही. त्या गावात तांबूस, अंगठ्याएवढे अमेरिकन झुरळ सुखाने राहते. ऊब आहे, ओल आहे, शिधा आहे. जून महिन्यात पाणी चढले की ते झाकणाच्या फटीतून वर येते, जिन्यातून फिरते आणि मोरीच्या जाळीतून आत डोकावते. त्याच्या शेपटाकडील दोन काट्यांना हवेची हालचाल कळते, आणि चप्पल खाली येण्याआधी, सेकंदाच्या जेमतेम विसाव्या भागात, ते वळून पळू लागते. फवारणीचा उपयोग तात्पुरता होतो. रात्री ओटा कोरडा ठेवणे, जाळी बसवणे आणि खरकटे मोरीत न सोडणे ह्यांचा उपयोग अधिक टिकतो, कारण त्याने शिधा तुटतो.

ह्या काळोखात अधूनमधून माणूसही उतरवला जातो. त्याचे डोळे तिथे निरुपयोगी, मिशांसारखे दुसरे साधन नाही, आणि साचलेल्या विषारी वायूचा एक-दोन श्वासांत घात होऊ शकतो. सुरक्षेच्या साधनांवाचून माणसाला गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली. असे मरण आलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाखांवर नेली. रक्कम वाढवावी लागली, ह्यावरूनच काय ते समजावे.

शहाणपणाची पद्धत म्हणजे यंत्राची गाडी बोलावणे. रस्त्याच्या कडेला गाडी उभी राहते, जाड नळी चेंबरात सोडली जाते आणि लोखंडी झाकण बाजूला सरकते. दुपारचे ऊन थेट आत पडते. भिंतीवर दाटीने बसलेली झुरळे त्या उजेडाने दचकतात आणि वर न येता, ओल्या भिंतीवरून खाली, नळाच्या काळ्या तोंडाकडे भराभर नाहीशी होतात.